न पाठवलेला अहवाल

१० ऑक्टोबर १९५१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण नेहरूंच्या मंत्रिमंडळातून का बाहेर पडलो हे सांगणारं निवेदन प्रसिद्ध केलं. त्यातलं हिंदू कोड बिलाचं कारण सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच निवेदनात आणखी एक छोटा मजकूर आहे आणि त्याच्याविषयी फारसं बोललं जात नाही. १९४६ साल बाबासाहेबांसाठी काळजीचं होतं. इंग्रज जाणार हे दिसत होतं, पण येऊ घातलेली घटना समिती अस्पृश्यांसाठी काय करेल याचा काही भरवसा नव्हता. त्या काळात त्यांनी अनुसूचित जातींच्या स्थितीवर एक अहवाल तयार केला होता. तो संयुक्त राष्ट्रसंघाला सादर करायचा होता.

तो त्यांनी पाठवला नाही. आधी घटना समितीला आणि पुढे येणाऱ्या संसदेला संधी द्यावी, असा विचार त्यांनी केला. पाच वर्षांनी मंत्रिपद सोडताना ते सांगतात की घटनेतल्या तरतुदींनी माझं पूर्ण समाधान झालं नव्हतं, तरी सरकार त्या मनापासून राबवेल या आशेवर मी त्या स्वीकारल्या. आणि आज बघतो, तर अनुसूचित जातींची स्थिती होती तशीच आहे.

हा न पाठवलेला अहवाल बरेच दिवस माझ्या डोक्यात होता. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या कामाचा निम्मा भाग कोड लिहिणं आणि निम्मा भाग, लिहिलेला कोड खरंच चालतोय का यावर लक्ष ठेवणं. दुसऱ्या भागाला आम्ही मॉनिटरिंग म्हणतो. त्याचं कौतुक कुणी करत नाही, पण रात्री तीनला फोन वाजतो तो त्याच्यामुळेच. कायद्याच्या बाबतीतही दोन भाग असतात. कायदा करणं आणि तो चालतोय का हे बघणं. पहिल्या भागाचा इतिहास आपण शाळेत शिकतो, तारखांसकट. दुसऱ्या भागाचा इतिहास मात्र आपल्याला कुणी शिकवत नाही. मला तो सापडत गेला तसा इथे मांडतो आहे.

महाडचं तळं आणि ठरावाची ताकद

सुरुवात घराजवळून करू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांकडून चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने आपलं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला.

कागदावर काम झालं. तळ्यावर मात्र काहीच बदललं नाही. गावातल्या सवर्णांच्या भीतीने पाण्याला हात लावायला कुणी जाऊ शकत नव्हतं.

मग बोल्यांनी १९२६ मध्ये कौन्सिलात दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांचं सरकारी अनुदान बंद करावं, असा. मला हा दुसरा ठराव पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. पहिला ठराव काय व्हायला हवं ते सांगतो. दुसरा विचारतो, झालं का, आणि झालं नसेल तर पुढे काय. शंभर वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका माणसाला कळलं होतं की ठराव आपोआप अमलात येत नाहीत, त्यांच्या मागे लागावं लागतं.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्या दिवसाकडे आपण क्रांती म्हणून बघतो, आणि ती होतीच. पण ती एक चाचणीही होती. कायद्याने हे तळं आमच्यासाठी खुलं आहे ना, मग बघू. उत्तर लगेच मिळालं. परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली आणि नंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. तळं खासगी आहे असा दावा कोर्टात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ठराव ते निकाल, एका तळ्यासाठी चौदा वर्षं.

एकाच वर्षातल्या दोन तक्रारी

आता १९४६. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेने तिथल्या भारतीयांनी जमीन कुठे घ्यावी, कुठे राहावं यावर निर्बंध घालणारा कायदा केला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असलेल्या भारताने थेट संयुक्त राष्ट्रसंघात तक्रार केली. विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. समोर होते दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान यान स्मट्स. त्यांचा मुद्दा सोपा होता. हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, बाहेरच्यांनी यात बोलू नये. भारताचं म्हणणं होतं की माणसांना वंशावरून कमी लेखणं हा कुठल्याच देशाचा खासगी मामला असू शकत नाही. ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेत ३२ विरुद्ध १५ मतांनी भारताच्या बाजूचा ठराव मंजूर झाला. सात देश तटस्थ राहिले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पहिल्याच वर्षात भारताने जगाला हे तत्त्व मान्य करायला लावलं.

याच वर्षी जुलैत बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं. भारतातले अस्पृश्यही तसंच काही करण्याच्या विचारात आहेत, तेव्हा त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळतील का, असं त्यांनी विचारलं. ड्यू बॉइस यांनी महिन्याभरात उत्तर दिलं. बाबासाहेबांचं नाव त्यांना ठाऊक होतं आणि अस्पृश्यांच्या लढ्याबद्दल त्यांना आस्था होती.

म्हणजे एकाच वर्षी भारतातून दोन तक्रारी संयुक्त राष्ट्रसंघाकडे निघाल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेविरुद्धची पोचली आणि जिंकली. घरातली तक्रार लिहून झाली होती, पण ती टेबलाच्या खणात राहिली. ती ठेवणाऱ्याने भरवसा टाकून ठेवली होती.

कूळ

२१ डिसेंबर १९६५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने सर्व प्रकारचा वांशिक भेदभाव नष्ट करण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. भारताने त्यावर १९६७ मध्ये सही केली आणि डिसेंबर १९६८ मध्ये तो आपल्याला बंधनकारक असल्याचं मान्य केलं. जानेवारी १९६९ पासून तो अमलात आला.

या कराराच्या पहिल्या कलमात वांशिक भेदभावाची व्याख्या आहे. भेदभाव कशावरून? वंश, रंग, ‘डिसेंट’, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांवरून. देवनागरीत ‘डिसेंट’ लिहिलं की वाचणाऱ्याला ते सभ्य वाटू शकतं, किंवा मतभेदही. इथला अर्थ तिसराच आहे. कूळ, म्हणजे कुणाच्या पोटी जन्माला आलात ते. या शब्दाचा खरा मराठी अनुवाद शब्दकोशात नाही, तो आपल्या बोलण्यात आहे. ‘पूर्ण नाव काय?’ ‘मूळचे कुठले?’ आणि तेवढ्याने अंदाज आला नाही तर, ‘तुमच्यात लग्नात काय पद्धत असते?’ त्या ‘तुमच्यात’ला इंग्रजीत डिसेंट म्हणतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या आठवड्यात हॉस्टेलवर सीईटीचे मार्क विचारले जायचे, तेव्हाही मार्कांत कुणाला रस नसायचा.

गंमत अशी की हा शब्द त्या मसुद्यात घालण्याची दुरुस्ती भारताने सुचवली होती. आणि तो भारताकडे आला कुठून? तो आपल्या कायद्यांत आधीपासूनच होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३३ च्या सनदेत म्हटलं होतं की केवळ धर्म, जन्मस्थान, कूळ किंवा रंग यांवरून इथल्या कुणालाही कंपनीच्या नोकरीसाठी अपात्र ठरवता येणार नाही. १९३५ च्या कायद्यात तीच शब्दावली आली. तिथून तो आपल्या राज्यघटनेच्या सोळाव्या कलमात आला. सव्वाशेहून अधिक वर्षं सोबत बाळगलेला शब्द भारताने जगाला दिला.

करारावर चर्चा चालू असताना, मागे राहिलेल्या गटांसाठी विशेष सवलती देणं हा भेदभाव धरू नये या तरतुदीवर बोलताना, भारताच्या प्रतिनिधीने अनुसूचित जाती-जमातींचं उदाहरण दिलं होतं. तेव्हा हा करार आपल्या जातींनाही लागू होतो, हे कुणाला खटकलं नव्हतं.

स्वतःच लिहायचं प्रगतिपुस्तक

हा करार चालतो कसा? त्यात शिक्षा नाही, दंड नाही. आहे ती एक समिती. अठरा तज्ज्ञांची. सदस्य देश त्यांना निवडून देतात, पण समितीत ते आपापल्या देशाच्या वतीने बसत नाहीत. करार मान्य करणाऱ्या प्रत्येक देशाने दर दोन वर्षांनी या समितीला अहवाल द्यायचा. आम्ही कोणते कायदे केले, न्यायालयांनी काय केलं, प्रशासनाने काय केलं. समिती तो वाचते, जिनिव्हात देशाच्या प्रतिनिधींना बोलावून प्रश्न विचारते आणि शेवटी आपले निष्कर्ष प्रसिद्ध करते. मानवी हक्कांच्या करारांवर देखरेख करणारी अशी ही पहिलीच समिती.

एखाद्या व्यक्तीला थेट या समितीकडे तक्रार करता यावी, अशीही सोय करारात आहे. पण ती त्या देशाने वेगळी मान्यता दिली तरच. भारताने ती दिलेली नाही.

आमच्या धंद्यातला कुणीही या रचनेतली अडचण लगेच ओळखेल. ज्या सर्व्हरवर लक्ष ठेवायचं, त्यानेच आपल्या तब्येतीचा अहवाल लिहायचा. मग समितीतल्या लोकांनी एक रस्ता काढला. देशातल्या संस्था-संघटना स्वतःचे समांतर अहवाल पाठवतात आणि सदस्य ते समोर ठेवून प्रश्न विचारतात. सरकारचा अहवाल म्हणतो, कायदा आहे. समांतर अहवाल म्हणतो, अमुक गावात पाणवठा अजून वेगळा आहे. सदस्य दोन्ही वाचतात आणि विचारतात, मग खरं काय?

१९९६ आणि डर्बन

ऑगस्ट १९९६ मध्ये भारताचे पाच अहवाल एकत्र करून समितीसमोर आले. भारताने त्यात म्हटलं होतं की जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून जातीचा प्रश्न या कराराच्या कक्षेत येत नाही. समितीने ते मान्य केलं नाही. करारातला कूळ हा शब्द फक्त वंशापुरता नाही आणि अनुसूचित जाती-जमातींची परिस्थिती कराराच्या कक्षेत येते, असं तिने आपल्या निष्कर्षांत लिहिलं. भारताने सुचवलेला शब्द एकतीस वर्षांनी भारतासमोर येऊन उभा राहिला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘जात म्हणजे वंश नव्हे’ हे वाक्य चूक नाही. स्वतः बाबासाहेबांनी जातीच्या वांशिक उपपत्तीचं खंडन केलं आहे, एकदा नाही, अनेकदा. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत, हे ते मांडत आले. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेते यांनीही २००१ मध्ये जातीला वंश म्हणण्याला जोरदार विरोध केला होता आणि तो अभ्यासकाचा विरोध होता. पण करारात नुसता वंश असता तरच हा मुद्दा तिथे संपला असता. कूळ हा शब्द वेगळा लिहिला आहे तो वंशाहून वेगळं काही सांगण्यासाठीच. भारताचा दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार होता. आमच्या घटनेच्या सोळाव्या कलमात जात आणि कूळ हे दोन शब्द वेगवेगळे आहेत, म्हणजे कूळ म्हणजे जात नव्हे. यावर वकील तासन्‌तास वाद घालू शकतात. पण समितीने घटनेचा नव्हे, कराराचा अर्थ लावायचा होता आणि करारात जात हा शब्द वेगळा नाही. पुढे २००२ मध्ये समितीने कुळावर आधारित भेदभावावर एक स्वतंत्र शिफारस काढली आणि त्यात जातीचा नाव घेऊन समावेश केला.

मधल्या काळात, ३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर २००१, वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. ती भरली दक्षिण आफ्रिकेत, डर्बनला. म्हणजे जिथल्या भारतीयांसाठी १९४६ मध्ये भारत भांडला होता, त्याच नाताळमध्ये. भारतातून दलित कार्यकर्ते तिथे मोठ्या संख्येने गेले. जातिभेद परिषदेच्या अंतिम दस्तावेजात यावा अशी त्यांची मागणी होती. भारत सरकारची भूमिका होती की जातीचा प्रश्न या परिषदेचा विषय नाही, आमची घटना आणि आमचे कायदे त्यासाठी समर्थ आहेत. अंतिम दस्तावेजात जात हा शब्द आला नाही.

भारताच्याच राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने मात्र तिथे वेगळा सूर लावला होता. या भेदभावाला नाव काय द्यायचं हा मुद्दा नाही, तो अजून अस्तित्वात आहे हा मुद्दा आहे, अशा आशयाची त्याची मांडणी होती. मला या सगळ्या वादात हे सर्वांत शहाणपणाचं म्हणणं वाटतं.

स्मट्स यांचा १९४६ चा युक्तिवाद आणि आपला २००१ चा युक्तिवाद शेजारी ठेवून वाचा. दोन्ही देशांची तुलना करा असं मी म्हणत नाही. दक्षिण आफ्रिकेत कायदाच भेदभाव करत होता, आपला कायदा भेदभावाच्या विरोधात आहे. हा फरक फार मोठा आहे. पण म्हणूनच प्रश्न पडतो की कायदा इतका चांगला असताना तो कसा चालतोय हे दाखवायला आपण का कचरतो?

पाच महिने

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची गावातल्या जमावाने हत्या केली. महाराष्ट्रातल्या मुख्य प्रवाहातल्या वर्तमानपत्रांना त्याचं गांभीर्य कळायला अनेक आठवडे लागले. लोक रस्त्यावर उतरल्यावर कळलं.

२७ डिसेंबर २००६ रोजी दिल्लीत दलित आणि अल्पसंख्याकांच्या एका परिषदेत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाशी केली. पदावर असलेल्या पंतप्रधानाच्या तोंडून हे येणं मोठी गोष्ट होती.

आणि २३ फेब्रुवारी २००७ रोजी जिनिव्हात समितीसमोर भारताची सुनावणी सुरू झाली. पुन्हा पाच अहवाल एकत्र करून. त्या अहवालात अनुसूचित जातींच्या परिस्थितीची माहितीच नव्हती, कारण सरकारच्या मते तो विषय कराराच्या कक्षेत येत नव्हता. शिष्टमंडळाने तीच भूमिका मांडली. समिती तिच्या भूमिकेवर ठाम राहिली. तिने निष्कर्षांत पाणवठे, घरं, दवाखाने, शाळा, बाजार, देवळं यांत प्रत्यक्ष टिकून असलेल्या वेगळेपणाबद्दल चिंता व्यक्त केली. ही यादी वाचताना मला बोल्यांचा १९२३ चा ठराव आठवला. पाणवठे, शाळा, दवाखाने. चौऱ्याऐंशी वर्षांनी तीच यादी.

खैरलांजी खटल्यात भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आरोपींना खुनासाठी शिक्षा सुनावली. पण हत्या जातीवरून झाली असं मानलं नाही आणि ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही तो लागू केला नाही.

आपले स्वतःचे पहारेकरी

कुणी म्हणेल, जिनिव्हा कशाला हवं? आपल्याकडे व्यवस्था नाही का? आहे, आणि कागदावर ती समितीपेक्षा कितीतरी भक्कम आहे.

घटनेच्या ३३८ व्या कलमानुसार १९५० मध्येच अनुसूचित जाती-जमातींसाठी आयुक्त नेमले गेले. एल. एम. श्रीकांत हे पहिले. त्यांनी दरवर्षी राष्ट्रपतींना अहवाल द्यायचा आणि तो संसदेत मांडला जायचा. आज त्या जागी राष्ट्रीय आयोग आहेत. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात १९७६ मध्ये बदल होऊन तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला आणि अंमलबजावणीचा वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवणं केंद्र सरकारला बंधनकारक झालं. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यातही तशीच तरतूद आहे. १९९५ च्या नियमांनी तर आणखी खाली उतरून सांगितलं. राज्यात मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती. तिची वर्षातून किमान दोन वेळा, जानेवारी आणि जुलैत, बैठक. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती. तिची दर तीन महिन्यांनी किमान एक बैठक. नोंदलेले खटले, पीडितांना मिळालेली मदत, तपासाची स्थिती, सगळं तिथे तपासायचं.

या समितीचं नाव मराठीत ‘दक्षता व नियंत्रण समिती’ असं आहे. मूळ इंग्रजी नावात मॉनिटरिंग आहे. मराठीत त्याचं नियंत्रण झालं. लक्ष ठेवणं आणि ताब्यात ठेवणं यातला फरक भाषांतरात हरवला, असं मला हे नाव वाचताना दर वेळी वाटतं.

आता आकड्यांकडे येऊ. २०२२ मध्ये देशात अनुसूचित जातींविरुद्धच्या ५७,५८२ गुन्ह्यांची नोंद झाली. आदल्या वर्षी ती ५०,९०० होती. आकडा वाढला म्हणजे अत्याचार वाढले की तक्रार करण्याचं धाडस वाढलं? नुसता आकडा बघून हे सांगता येत नाही. आमच्याकडे नव्या मुलांना पहिल्या महिन्यात शिकवतात की एखाद्या सर्व्हरकडून आठवडाभर एकही एरर आली नाही तर आनंद मानू नका, आधी लॉगिंग चालू आहे का ते बघा. एखाद्या तालुक्यात वर्षभरात एकही ॲट्रॉसिटी नोंदली गेली नाही, तर तिथे समता नांदते आहे असं म्हणता येतं का? की ठाण्यातून लोकांना समजूत घालून परत पाठवलं जातं?

याचं उत्तर मिळवायचा एक मार्ग म्हणजे पोलिसांच्या नोंदींच्या बाहेर जाऊन लोकांनाच विचारणं. २०११-१२ मध्ये ‘इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे’ने देशभरातल्या ४२ हजारांहून अधिक घरांत जाऊन हेच केलं. तुमच्या घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का? नाही म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न, दलित व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली किंवा तुमची भांडी वापरली तर चालेल का? सुमारे २७ टक्के घरांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपात अस्पृश्यता पाळत असल्याचं कबूल केलं. अनोळखी माणसाला तोंडावर कबूल केलं. चारातलं एक घर घटनेने बंद केलेली गोष्ट उघडपणे मान्य करतं आणि त्यातली जवळपास कुठलीच गोष्ट पोलीस ठाण्यापर्यंत जात नाही.

दुसरा मार्ग बोल्यांच्या काळात महाडला वापरला होता. चाचणी घेणं. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अटेवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, पात्रता सारखी. फक्त नावं वेगळी, काही सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुस्लिम वाटावीत अशी. मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता आडनावाप्रमाणे बदलत गेली. दलित आडनावाला ती कमी होती, मुस्लिम नावाला त्याहून कमी. आमच्या भाषेत याला ए-बी टेस्ट म्हणतात. एक बटण निळं ठेवायचं की हिरवं हे ठरवण्यासाठी आम्ही ती रोज करतो. कंपन्यांच्या भरतीत हीच चाचणी नियमित घेतली जावी असं मात्र कुठलाच कायदा सांगत नाही.

प्रश्न परत येतो

हा विषय माझ्या धंद्यात शिरला आहे म्हणूनही मी त्याच्यावर लिहितो आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या नगर परिषदेने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत शिकलेल्या, एकेकाळी सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम केलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असाच कायदा मंजूर केला, पण गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी तो ऑक्टोबरमध्ये नाकारला. कारण काय दिलं? पूर्वजांच्या मुळावरून भेदभाव करायला आधीच बंदी आहे, जात त्यात येतेच. १९९६ मध्ये जिनिव्हातल्या समितीने जे म्हटलं होतं, जवळपास तेच. फक्त इथे ते नवा कायदा न करण्याचं कारण झालं. कूळ या शब्दात जात मावते की नाही, यावरचा वाद १९९६ नंतर जगभर फिरून आता आमच्या ऑफिसच्या मीटिंग रूमपर्यंत आला आहे.

आणि भारताचा पुढचा अहवाल? तो समितीला जानेवारी २०१० मध्ये द्यायचा होता. त्याला दशक उलटून गेलं तरी तो गेलेला नाही.

म्हणजे आता न पाठवलेले अहवाल दोन झाले. एक बाबासाहेबांचा. तो त्यांनी देशावर विश्वास ठेवून मागे ठेवला आणि का ठेवला ते पाच वर्षांनी जाहीर सांगितलं. दुसरा सरकारचा. पक्ष बदलले, पंतप्रधान बदलले, अहवाल गेला नाही. तो का गेला नाही हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. पहिल्या अहवालाच्या बदल्यात आपण जे वचन घेतलं होतं, त्याचा हिशेब दुसऱ्यात द्यायचा होता.

जिनिव्हा लांब आहे. जिल्हाधिकारी कार्यालय लांब नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, आता फोनवरूनही करता येतो. प्रश्न तीनच पुरेसे आहेत. गेल्या तीन वर्षांत आपल्या जिल्ह्याच्या दक्षता व नियंत्रण समितीच्या किती बैठका झाल्या? प्रत्येक बैठकीला कोण हजर होतं? इतिवृत्ताच्या प्रती मिळतील का? नियमाप्रमाणे उत्तर किमान बारा बैठका असं यायला हवं.

मी माझ्या जिल्ह्यासाठी असा अर्ज गेल्या आठवड्यात केला. तीस दिवसांची मुदत चालू आहे.